पाण्याच्या अंगानं जाणारा रस्ता

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला चढ डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो. कोहमाऱ्याहून दक्षिणेला नवेगावबांधकडे सायकलनं निघालं की रस्ता सपाटच वाटतो. कडेला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्येच जंगलाचा पट्टा, पुन्हा बांध्या. तरीही थोड्या वेळानं सव्वीसचा वेग एकोणिसावर आलेला असतो आणि मागच्या चाकातली हवा गेली की काय, म्हणून माणूस उतरून टायर दाबून बघतो. हवा ठीक असते. आपण एका तलावाच्या बांध्यांमधून दुसऱ्या तलावाच्या येव्याकडे, म्हणजे पाणी येण्याच्या अंगाकडे, चढत असतो, एवढंच.

या भागात सायकल चालवायची तर पाणी वाचता आलं पाहिजे. तलावाची रचना सगळीकडे सारखीच. वरच्या अंगाला जंगल किंवा मुरमाड बरड, तिथून पावसाचं पाणी उतरतं. मग तलावाचं पोट, त्यापुढे मातीची पाळ. पाळीच्या एका टोकाला जादा पाण्यासाठी सांडवा, पायथ्याशी पाणी सोडायची सोय. त्याखाली बांध्या, आणि बांध्यांतून निथळलेलं पाणी पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. रस्ता या माळेच्या दिशेनं गेला तर दहा-दहा किलोमीटर गिअर बदलावा लागत नाही. माळेला आडवा गेला, म्हणजे एका नाल्याचं खोरं सोडून दुसऱ्यात उतरला, की लाटा सुरू होतात. एकेक उठाव दहा-बारा मीटरचा. हसण्यावारी नेण्यासारखा. असे पंधरा उठाव झाले की दीडशे-पावणेदोनशे मीटर चढून झालेलं असतं आणि पायांना त्याचा हिशोब तोंडपाठ असतो.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव झाले ‘माजी मालगुजारी’, सरकारी कागदावर ‘मामा तलाव’. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा तलावांचा जिल्हा म्हणून मिरवायला एकाऐवजी दोन जिल्हे झाले. दुर्बीण आणि लेव्हल हाताशी नसताना या माणसांनी दोन टेकड्यांमधली नेमकी अरुंद जागा हेरली आणि कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी अडवलं. सायकलवाल्याला त्याची दाद द्यावीच लागते. कारण पाळ दिसली की डोंगराचे दोन बाहू इथेच जवळ आलेत हे नक्की, आणि रस्त्याला त्यातल्या एकावर चढण्यावाचून गत्यंतर नाही हेही नक्की.

पहिल्यांदा येणाऱ्यानं सरळ कोहमारा–नवेगावबांध–अर्जुनी मोरगाव हा रस्ता धरावा. कोहमारा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, बसनं येणं सोपं. तिथून नवेगावबांध वीस-पंचवीस किलोमीटर, पुढे अर्जुनी पंधराच्या आतबाहेर. अर्जुनी हे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशन. दम उरला असेल तर अर्जुनीहून गोठणगाव गाठावं. तिथे १९७२ पासूनची तिबेटी वसाहत आहे, जवळच प्रतापगडचा डोंगर आणि गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. हा शेवटचा तुकडा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात लाटांचा. तो परतीसाठी राखून ठेवू नये, ताज्या पायांनी करावा. म्हणजे मुक्काम अर्जुनीत, उजाडल्यावर गोठणगाव, आणि उरलेला सपाट भाग त्याच्या दुसऱ्या दिवशी. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येचा असतो आणि सकाळी दहानंतर जोर धरतो. अर्जुनीहून उत्तरेकडे निघायचं तर ते अंतर दहाच्या आत कापलेलं बरं. नंतर उघड्या पाण्यावरून सुटलेला वारा अडवायला झाड नसतं, आणि तलावाकाठचे चार किलोमीटर घाटासारखे वाटतात.

कोणता रस्ता धरायचा हे कळायला नकाशापेक्षा मैलाचा दगड बरा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे ट्रक. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता: अरुंद, रिकामा आणि सायकलसाठी सगळ्यात चांगला, जोवर डांबर शाबूत आहे तोवर. रस्ता नारिंगी दगडाचा आणि बाजूला नहर, म्हणजे कालवा, असेल, तर नशीबच म्हणायचं. नहर उताराला जेमतेम स्पर्श करत, टेकडीच्या कमरेनं वळसे घेत जाते, आणि तिच्याकडेचा रस्ताही तसाच. वळणं पुष्कळ, चढ नाही. फक्त तो मुरमाचा असण्याची तयारी ठेवायची.

गिअरबद्दल लोक उगाच मोठेपणा करतात. ३९ दातांची पुढची चकती आणि मागे सर्वांत मोठी २५ ची, अशी जुनी रेसिंग सायकल असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला सत्तर फेऱ्या मारायच्या तर ताशी चौदाचा वेग राखावाच लागतो. सहा टक्क्यांच्या उठावावर, सायकलसकट ८५ किलो वजनाला, त्यासाठी दोनशे वॉटच्या वर ताकद लागते. एकदा जमतं, पंधराव्यांदा जमत नाही. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर तोच फेरा २.२६ मीटरचा होतो, वेग साडेनऊवर येतो आणि काम दीडशे वॉटच्या आसपास भागतं. दीडशे वॉटवर माणूस दिवसभर जाऊ शकतो. तेव्हा ५०–३४ ची पुढची जोडी आणि मागे ११–३२ किंवा ११–३४, याहून वेगळं काही या भागासाठी सुचवणार नाही.

लाटेवर गिअर बदलायची वेळ महत्त्वाची. पुढची मोठी चकती सोडून लहान घ्यायची ती चढ लागण्याआधी, उताराच्या तळाशी, पायावरचा जोर क्षणभर सैल करून. चढाच्या मध्यावर, दात-ओठ खात असताना लिव्हर दाबली की चेन लहान चकतीच्याही आत पडते आणि सायकल जागच्या जागी थांबते. आणि माथ्यावर पोचल्याबरोबर पाय सोडून द्यायचे नाहीत. वीस-तीस मीटर तसेच मारत जायचं, मगच विसावा. माथ्याजवळ वेग सगळ्यात कमी असतो, तिथे घातलेले चार फेरे पुढच्या उताराचा वेग ठरवतात आणि तो वेग पुढचा अर्धा उठाव फुकटात चढवून देतो. दोन उठावांच्या मध्ये रपटा नसेल तर, हे मात्र लक्षात ठेवायचं.

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा रस्ता, पूर आला की पाणी ज्याच्यावरून जातं. तलावाच्या सांडव्याखालच्या बहुतेक नाल्यांवर पुलाऐवजी रपटाच असतो, आणि तो नेमका उताराच्या तळाशी असतो, कारण नाला तिथेच असतो. ताशी चाळीसच्या वेगात सेकंदाला अकरा मीटर जातात. दिसलं, कळलं, ब्रेक दाबला, यात एक सेकंद गेला. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी बारा मीटर. म्हणजे तेवीस-चोवीस मीटर हाताशी हवेत, आणि रेतीवर त्याच्या दुप्पट धरायचे. रपट्याकडे जरा निरखून बघितलं तर त्याचे तीन पट्टे दिसतात. वरच्या पाण्याच्या बाजूला पुरानं आणून टाकलेली बारीक रेती आणि काटक्या. मध्ये चाकांनी घासून पांढरा पडलेला भाग. आणि खालच्या बाजूला, जिथून पाणी ओघळत राहतं, तिथे हिरवट-काळी चकाकी. ती चकाकी म्हणजे शेवाळ. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, पायडलला झटका नाही. आधी वेग उतरवायचा, हँडल सरळ धरायचं आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून निघून जायचं. पाणी वाहत असेल आणि खालचं सिमेंट दिसत नसेल, तर थांबायचं. पोटरीएवढ्या वाहत्या पाण्यातही पाय सुटतो, आणि सायकल उलट त्या पाण्याला धरायला जागा देते. पाऊस थांबला की लहान नाल्याचं पाणी तासा-दोन तासांत उतरतं. पण वर भरलेल्या तलावाचा सांडवा चालू असेल तर ते दिवसभर उतरत नाही. गावातला माणूस दोन वाक्यांत सांगतो, “सांडवा सुरू हाय जी, वरून जा.” त्याचं ऐकावं.

पावसाचा हंगाम इथे रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा. सायकलवाल्याचा शत्रू तेव्हा पाऊस नसतो, चिखल असतो, आणि तो येतो ट्रॅक्टरबरोबर. चिखलणी करणारा ट्रॅक्टर लोखंडी पट्ट्यांची चाकं, म्हणजे केजव्हील, लावून बांधीतून निघाला आणि तसाच डांबरावर चढला, तर दोन गोष्टी होतात: डांबराला आडवे घाव पडतात आणि शंभर-दोनशे मीटरपर्यंत मातीची ढेकळं सांडतात. माती बरडी असेल तर झटकली जाते. कन्हार, म्हणजे काळी भारी माती असेल, तर ती टायरला थरावर थर चिकटते आणि ब्रेकच्या कमानीत अडकून चाक जाम करते. रिमब्रेकच्या सायकलला टायर आणि ब्रेकमधली जागा चार मिलिमीटरची असली की दहा-पंधरा फेऱ्यांत खेळ खलास. डिस्कब्रेक आणि ३२ मिलिमीटर टायरला जागा असलेली फ्रेम इथे चैन नव्हे. चिखल ओला असतानाच काडीनं काढायचा. वाळू दिला तर तो विटेसारखा होतो.

रोवणीपेक्षा अवघड महिना नोव्हेंबर. धान कापलेलं असतं, आणि वाळवायला, कधी मळायलाही, गावाला सगळ्यात सपाट, कोरडी, स्वच्छ जागा दिसते ती डांबरी रस्ता. अर्धा रस्ता धानानं झाकलेला आणि गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडलेले. संध्याकाळी धान उचललं जातं, दगड कधीकधी राहून जातात. तेव्हा अंधारात या रस्त्यांवर येऊच नये. दिवसा समोर धान दिसलं की उतरून, कडेनं, सायकल हातात घेऊन जावं. ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे, आणि धानावरून पुढचं चाक घसरतं हे दुसरं कारण.

तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, त्रास निराळा. एक लांब काडी मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राच्या, दोन लहान चक्रांत शिरते, चेनबरोबर गोल फिरते आणि तिसऱ्या-चौथ्या काडीनंतर दोरखंड तयार होतो. आवाज येतो करकर असा. त्या आवाजावर जोर लावून पायडल मारलं की डिरेलर मागे खेचला जातो, वाकतो, स्पोकमध्ये जातो आणि त्याला धरणारा अॅल्युमिनियमचा हँगर तुटतो. आवाज आला की थांबायचं. मागचं चाक उचलायचं, पायडल हातानं उलटं फिरवायचं आणि काडी ज्या बाजूनं गेली त्याच बाजूनं उलगडून काढायची. कापायला जाऊ नये, तुकडे आत राहतात. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर, वजन वीस-तीस ग्रॅम, पिशवीत कायम ठेवावा. तो तालुक्याच्या गावात मिळत नाही, जिल्ह्यालाही मिळेल याची खात्री नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि पहाटेच लोक टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. त्याच फुलांसाठी अस्वल येतं. वाघही या जंगलांत आहेत. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि दक्षिणेला ब्रह्मपुरी-नागभीडकडे तर वाघ गावाच्या शिवारातच आहेत. उन्हाळ्यात ऊन टाळायला पहाटे पाचला निघायचा सल्ला सगळे देतात. इथे तो अर्धाच घ्यावा. अंधारातले किलोमीटर गावांच्या आणि बांध्यांच्या रस्त्यावर करावेत, जंगलाचा पट्टा लख्ख उजाडल्यावरच. जंगलात एकटं थांबून, वाकून पंक्चर काढत बसू नये. हवा गेली तर सायकल ढकलत उघड्यावर, शक्य तर पानठेल्यापर्यंत न्यावी.

पंक्चर होणारच. बांधीच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या वाऱ्यानं रस्त्यावर येतात. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरच्या अंगाला रबराच्या पातळीत मोडतो आणि दोन मिलिमीटरचं टोक आत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. नवी ट्यूब टाकली की ती पाच किलोमीटरवर पुन्हा बसते, आणि ट्यूबच खराब निघाली असं वाटतं. यावर उपाय सायकल घरी असतानाच करून ठेवायचा: टायरवरचं कंपनीचं नाव बरोब्बर व्हॉल्व्हसमोर येईल असं टायर बसवायचं. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती वीत दूर आहे ते बघायचं, आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर काटा शोधायचा. दोन्ही दिशांना बघायचं, कारण ट्यूब उलटी धरली गेलेली असू शकते. आतून बोट फिरवू नये. कापसाचा बोळा फिरवावा, काट्याचं टोक त्याला धरतं. चिमटा नसेल तर टायर दुमडून टोक वर आणावं आणि नखांनी ओढावं.

ठिगळ न चिकटण्याचं कारण जवळजवळ नेहमी घाई असते. ट्यूब कागदानं घासून खरखरीत करायची, सोल्यूशन ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावायचं आणि चमक जाईपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, हात लावायचा नाही. ओल्यावर बसवलेलं ठिगळ मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर सुटतं. सकाळी पंधरा अंशांना ७० पीएसआय भरलेली हवा टायर पंचेचाळीस अंशांवर गेलं की आठ-नऊ पीएसआयनं वाढते, हेही त्यात आलंच. पंचाहत्तर किलोच्या माणसानं २८ मिलिमीटरच्या टायरात मागे ७० आणि पुढे ६५ भरावं, ३२ असेल तर ५५ आणि ५०. सीलंट, म्हणजे टायरातलं भोक आतून बुजवणारं द्रव, वापरणाऱ्यांनी एका चाकात ४० ते ५० मिलिलिटर घालावं आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी उघडून बघावं. ते आत वाळून साय धरतं.

गावातल्या पंचरवाल्याकडे हवा असते, पण तिचं तोंड मोटारसायकलचं. रेसिंग ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला बसणारी पितळी टोपी खिशात असली तर काम होतं. कॉम्प्रेसरची हवा मात्र थोडी-थोडी घ्यायची, प्रत्येक वेळी अंगठ्यानं दाबून बघायचं. एवढीशी ट्यूब चार-पाच सेकंदांत भरते आणि पुढच्या सेकंदाला फुटते. तो बिचारा ट्रॅक्टरच्या सवयीनं नळी धरून उभा असतो.

पाणी सोबत दीड लिटर हवंच, पाऊण-पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. हिवाळ्यात तेवढ्यात दोन-अडीच तास जातात, एप्रिलमध्ये दीडच. तलावाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही. ओआरएसची पुडी एक लिटरला एक असते. ती अर्ध्या बाटलीत घालून ‘स्ट्राँग’ करणारे लोक तहान वाढवून घेतात.

नागपूरकरांना हे सगळं दूर वाटत असेल तर रामटेक आहे. मनसरवरून वळून रामटेक, गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव, आणि पलीकडे खिंडसीचा तलाव. एका दमात जाऊन येण्यासारखं, पण मनसरपर्यंतचा महामार्ग सोसावा लागतो. नागभीडजवळचा घोडाझरी, सावलीकडचा आसोलामेंढा, वर्ध्याकडचं बोर, सगळेच तलाव जाण्यासारखे. आसोलामेंढ्याकडे लाटा कमी, घोडाझरीकडे जंगल जास्त. बांध्या आणि तलाव यांची एवढी दाट वीण मात्र साकोली-अर्जुनीच्या पट्ट्याबाहेर क्वचित दिसते.

एक गोष्ट पाळीबद्दल. पाळीवरून पाणी आणि बांध्या दोन्ही एकदम दिसतात आणि सायकल तिथे न्यायचा मोह होतो. माती कोरडी असेल तर हरकत नाही. ओली असेल तर नाही. अरुंद चाकाची चाकोरी पाळीच्या माथ्यावर लांबलचक उमटते, पुढचा पाऊस त्याच चाकोरीतून वाहतो, कडेला जिथे तिला वाट मिळते तिथून उतरतो आणि तिथेच घळ पडायला सुरुवात होते. मातीच्या पाळीला घळीची भीती असते, गाडीच्या वजनाची नाही.

गावात वाट विचारली तर दोन उत्तरं मिळतात: तलावाच्या वरून, किंवा तलावाच्या खालून. वरची वाट येव्याच्या अंगाची, मुरमाड, चढाची, पाऊस थांबला की तासाभरात कोरडी होणारी. खालची वाट बांध्यांमधून, सपाट, गावाला गाव लागून असलेली, पण ऑक्टोबरपर्यंत चिखलाची आणि नोव्हेंबरात धानाची. सप्टेंबरात वरून जावं. जानेवारीत, बांध्यांत लाखोरीच्या पिकाला निळी फुलं आलेली असतात तेव्हा, खालून.